'लार्ज' की 'स्मॉल'? होम थिएटर रिसीव्हरवर स्पीकर साइझ आणि क्रॉसओव्हर कसा लावायचा

आमचा हॉल दहा बाय पंधरा फुटांचा, ठाण्यातल्या कुठल्याही टू-बीएचकेमध्ये असतो तसा. त्यात मी कंबरेएवढे दोन टॉवर स्पीकर, एक सेंटर, मागे दोन छोटे सराउंड आणि खर्जाचा आवाज (बेस) वाजवणारा दहा इंची सबवूफर असा संच बसवला. फिटिंगला आलेल्या माणसाने रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राच्या, मेनूत जाऊन टॉवरपुढे 'लार्ज' लावलं. "एवढे मोठे टॉवर आहेत, लार्जच लावायचे," तो म्हणाला. मला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही दिसतही नव्हतं.

पुढचे आठ महिने सिनेमातले स्फोट दणकून वाजायचे, पण गाणं लावलं की आवाज पोकळ वाटायचा. तबला ऐकू यायचा, डग्ग्याची घुमक मात्र येत नव्हती. एका रविवारी सहज सबवूफरकडे लक्ष गेलं. गाणं चालू होतं आणि सबवरचा छोटा दिवा लाल होता. म्हणजे सब झोपलेला होता, त्याच्याकडे काही सिग्नलच जात नव्हता. मेनू उघडून टॉवर 'स्मॉल' केले, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा). चार-पाच सेकंदांत दिवा हिरवा झाला आणि तेच गाणं भरून आलं. त्या दिवसापासून मित्रांच्या, नातेवाइकांच्या घरी ही सेटिंग्ज मी लावून देतोय. प्रत्येक ठिकाणी त्याच चार-पाच चुका सापडतात, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी एवढं समजून घ्या

'लार्ज' आणि 'स्मॉल' या शब्दांचा स्पीकरच्या खोक्याच्या आकाराशी काही संबंध नाही. प्रश्न एवढाच असतो: बेस कोणी वाजवायचा? 'लार्ज' म्हणजे त्या चॅनलचा सगळा आवाज, अगदी तळातल्या खर्जासकट, त्याच स्पीकरला द्या. 'स्मॉल' म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या खालचा बेस तिथून काढून सबवूफरकडे पाठवा. तो ठरलेला आकडा म्हणजे क्रॉसओव्हर.

सिनेमाच्या ५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि एक सब) '.१' म्हणून जो वेगळा चॅनल असतो, त्याला एलएफई म्हणतात. स्फोट, गडगडाट यांचा बराचसा भार त्यावर असतो आणि तो थेट सबकडे जातो. गाणी मात्र बहुतेक दोन चॅनलची असतात, त्यांत एलएफई नसतोच. टॉवर 'लार्ज' असले की गाण्यातलं काहीच सबपर्यंत पोहोचत नाही. माझा लाल दिवा त्यामुळेच.

आता टॉवरला बेस वाजवू दिला तर काय बिघडलं? एखादा सूर तेवढ्याच जोरात, पण निम्म्या फ्रिक्वेन्सीवर वाजवायचा तर स्पीकरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) चौपट मागेपुढे हलावं लागतं. म्हणजे ८० हर्ट्झच्या तुलनेत ४० हर्ट्झला चौपट. साडेसहा इंची वूफर (टॉवरमधला बेस वाजवणारा भाग) त्यात दमतो. त्याच कोनवर गायकाचा आवाजही चालू असतो, तोही मग गढूळ होतो. शिवाय रिसीव्हरच्या ॲम्पवर (सिग्नलला जोर देणाऱ्या भागावर) ताण येतो. सबवूफरचा स्वतःचा ॲम्प असतो आणि तो नेमक्या याच कामासाठी बनलेला असतो.

काय काय हाताशी ठेवायचं

- रिसीव्हरचा रिमोट, आणि टीव्हीवर रिसीव्हरचा मेनू दिसेल अशी एचडीएमआय जोडणी
- रिसीव्हरसोबत आलेला कॅलिब्रेशनचा, म्हणजे खोलीतला आवाज मोजून सेटिंग्ज ठरवण्याचा, माइक (बहुतेकांच्या घरी तो खोक्यातच राहिलेला असतो, खोकं टाकू नका)
- कॅमेऱ्याचा ट्रायपॉड
- प्रत्येक स्पीकरचं माहितीपत्रक किंवा कंपनीच्या साइटवरचं त्याचं पान
- मोजपट्टी, टॉर्च, वही-पेन
- फोनवर आवाज मोजणारं कुठलंही मोफत ॲप

१. सबवूफरची जागा

खोलीच्या लांबी-रुंदीमुळे बेस काही जागी फुगतो आणि काही जागी गायब होतो. पंधरा फुटांच्या लांबीत ३८ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज असा अडकतो. नेमक्या त्या सुरांवर एका खुर्चीत भिंती थरथरतात आणि दुसऱ्या खुर्चीत काहीच नसतं. मेनूतल्या कुठल्याही आकड्याने हे पूर्ण सुटत नाही. जागा बदलली की मात्र बरंच सुटतं.

त्यासाठी एक जुनी, खात्रीची पद्धत आहे. कोणाची तरी मदत घेऊन सब तुमच्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवा. सतत बेस असलेलं एखादं गाणं लावा. मग जिथे जिथे सब ठेवता येईल, त्या जागांवर ओणवे होऊन कान जमिनीजवळ नेऊन ऐका. टीव्हीच्या डावीकडे, उजवीकडे, कोपऱ्यात, दाराजवळ. जिथे बेसचा प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो, कुठलाही एकच सूर 'बूंऽऽ' करून पुढे येत नाही, ती सबची जागा. आमच्याकडे कोपऱ्यापासून अडीच फूट सरकवल्यावर फरक पडला. कोपऱ्यात आवाज मोठा होता, पण सगळे सूर एकसारखेच वाटत होते.

२. सबवूफरची पाठ

आता टॉर्च घेऊन सबच्या मागे बघा. बहुतेक सबवर तीन गोष्टी असतात: व्हॉल्यूमचा नॉब, क्रॉसओव्हरचा नॉब आणि फेजचं बटण (सबचा कोन बाकी स्पीकरच्या बरोबर हलवायचा की उलट, ते ठरवणारं).

क्रॉसओव्हरचा नॉब शेवटापर्यंत, सगळ्यात मोठ्या आकड्यावर फिरवा. 'एलएफई' किंवा 'बायपास' असं बटण असेल तर ते लावा. हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक. रिसीव्हरवर ८० लावलेलं असतं आणि सबवरही नॉब ८० वर असतो. मग एकाच आवाजाला दोनदा चाळणी लागते आणि ८० च्या आसपास खड्डा पडतो. ढोल, डग्गा, बेस गिटार यांचा भरीव भाग नेमका तिथेच असतो. विभागणी रिसीव्हरलाच करू द्या.

व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवा. फेज शून्यावर. रिसीव्हरच्या 'सबवूफर प्री-आउट'मधून एकच आरसीए केबल सबच्या 'एलएफई' इनपुटला. केबल लावल्यावर सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याची किंवा डिशची वायर काढून बघा. बऱ्याचदा दोष तिथून आलेला असतो.

३. स्पीकरचा खरा आकडा शोधा

माहितीपत्रकावर '४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा महत्त्वाचा, पण त्याच्या पुढे काय लिहिलंय तेही बघा. 'उणे ३ डेसिबल' (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप) किंवा 'अधिक-उणे ३' लिहिलेलं असेल तर तो आकडा भरवशाचा. 'उणे ६' किंवा 'उणे १०' असेल, तर त्या आकड्यापर्यंत आवाज पोहोचतो खरा, पण खूप क्षीण होऊन. काहीच लिहिलं नसेल तर तो आकडा उणे १० चाच आहे असं धरून चाला.

क्रॉसओव्हर या भरवशाच्या आकड्याच्या दीडपट ते दुप्पट असावा. स्पीकर ५५ हर्ट्झपर्यंत नीट वाजत असेल, तर ८० ते ११०. एवढी जागा सोडायची कारण रिसीव्हर ८० वर कुऱ्हाड घालून आवाज तोडत नाही. तो हळूहळू उतरवत नेतो आणि त्या उतारावरही स्पीकरला काम करावं लागतं.

माहितीपत्रक नसेल तर वूफरच्या मापावरून असा अंदाज धरा:

- टॉवर, साडेसहा इंची किंवा मोठे वूफर: ६० ते ८०
- बुकशेल्फ, साडेसहा इंची: ८०
- बुकशेल्फ, सव्वापाच इंची: ८० ते १००
- चार इंची स्पीकर: १०० ते १२०
- तीन इंची छोटे सॅटेलाइट: १२० ते १५०
- छताकडे आवाज फेकणारे ॲटमॉस स्पीकर: १५० किंवा त्याहून वर

हे सुरुवातीचे आकडे आहेत. शेवटचा निर्णय कानाने करायचा, ते पुढे येतंच.

४. ऑटो कॅलिब्रेशन शांतपणे चालवा

डेनॉन आणि मरांट्झच्या बऱ्याच मॉडेलांत ऑडिसी, यामाहात वायपीएओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी. नावं वेगळी, काम तेच: माइक लावायचा, रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून टर्र-टर्र, हूप-हूप असे आवाज काढतो आणि अंतर, पातळी, साइझ ठरवतो.

माइक ट्रायपॉडवर, बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर ठेवा. सोफ्याच्या पाठीवर किंवा हातात धरून नाही. पंखा, एसी बंद करा. खिडक्या लावा. स्वयंपाकघरात कुकर चढवलेला नसावा, मधेच शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. हे आवाज बरेच मोठे असतात, म्हणून सोसायटीत शक्यतो दिवसा उरका.

झाल्यावर सबची पातळी बघा. ती उणे १२ दाखवत असेल, तर मोजपट्टी तिथेच संपलेली आहे. खरं तर रिसीव्हरला अजून खाली जायचं होतं. सबचा नॉब थोडा कमी करून पुन्हा चालवा. याचा आणखी एक त्रास असतो. रिसीव्हर फार बारीक सिग्नल पाठवत असेल तर हळू आवाजात ऐकताना सबचं ऑटो-ऑन (सिग्नल आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय) जागंच होत नाही, आणि पुन्हा तो लाल दिवा.

सबचं अंतर मोजपट्टीपेक्षा जास्त निघालं तर घाबरू नका. माझा सब सोफ्यापासून नऊ फुटांवर आहे, रिसीव्हर तेरा दाखवतो. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला जो उशीर होतो, तो रिसीव्हर अंतराच्या रूपात धरतो. आकडा 'दुरुस्त' करून नऊ करू नका.

५. मेनूत जाऊन 'लार्ज' काढा

कॅलिब्रेशन झाल्यावर टॉवर हमखास 'लार्ज' निघतात, कधी कधी बुकशेल्फसुद्धा. भिंतीजवळच्या स्पीकरचा बेस खोलीत वाढतो. तो ४० हर्ट्झच्या आसपास पोहोचलेला दिसला की रिसीव्हर 'लार्ज' लिहून मोकळा होतो. स्पीकर मोठ्या आवाजात तो बेस झेपवेल का, हे त्याने तपासलेलं नसतं.

डेनॉनवर रस्ता असा: सेटअप, स्पीकर्स, मॅन्युअल सेटअप, स्पीकर कॉन्फिग. तिथे फ्रंट 'स्मॉल' करा. सेंटर आणि सराउंडही 'स्मॉल'च. याने कॅलिब्रेशन पुसलं जात नाही, निर्धास्त बदला.

मेनूत 'स्मॉल' हा पर्यायच निवडता येत नसेल, तर त्याच पानावर सबवूफर 'नो' झालेला असणार. सब नाही असं समजल्यावर बेस द्यायला दुसरं कोणी उरत नाही, म्हणून रिसीव्हर फ्रंटला सक्तीने 'लार्ज' ठेवतो. सबवूफर 'येस' करा.

'लार्ज' कधी योग्य? घरात सबवूफरच नसेल तेव्हा. किंवा खरोखर मोठे, तळापर्यंत जाणारे टॉवर असतील आणि गाणी ऐकताना फक्त त्या दोघांचाच आवाज आवडत असेल तेव्हा. डेनॉनमध्ये दोन चॅनलच्या संगीतासाठी वेगळी सेटिंग ठेवता येते, मग सिनेमाची घडी मोडावी लागत नाही.

६. क्रॉसओव्हर: ८० पासून सुरुवात

१९८३ मध्ये लुकासफिल्ममधून सुरू झालेल्या टीएचएक्सने घरच्या थिएटरसाठी ८० हर्ट्झ हाच आकडा धरला, आणि त्यामागचं कारण अजूनही तेच आहे. ८० हर्ट्झची एक लाट साधारण चौदा फूट लांब असते. एवढ्या लांब लाटेवरून आवाज कुठून येतोय हे कानाला सांगता येत नाही. त्यामुळे सब कोपऱ्यात असला तरी बेस समोरच्या स्पीकरमधूनच आल्यासारखा वाटतो.

डेनॉनवर ४०, ६०, ८०, ९०, १००, ११०, १२०, १५०, २००, २५० एवढे पर्याय मिळतात. एक नियम पाळा: कॅलिब्रेशनने जो आकडा दिला, त्याच्या वर जायला हरकत नाही, खाली जाऊ नका. सेंटरला १०० दिले असतील तर ते ८० करू नका. त्या खाली तो स्पीकर पोहोचत नाही हे मोजून ठरलेलं आहे, ऑडिसीची दुरुस्तीही तिथे थांबलेली असते. उलट टॉवरला ४० दिले असतील तर खुशाल ८० करा.

सेंटरकडे जास्त लक्ष द्या. सिनेमातले बहुतेक संवाद तिथून येतात. टीव्हीखाली बसावा म्हणून घेतलेल्या बारीक सेंटरला ८० झेपत नाही, त्याला १०० किंवा १२० द्या. १२० च्या वर मात्र सांभाळून. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण ८५ हर्ट्झपासून सुरू होतो. क्रॉसओव्हर १५० वर गेला की बोलणाऱ्याच्या आवाजाचा थोडा भाग सबमधून येऊ लागतो आणि माणूस पडद्यावर, तर त्याची छाती कोपऱ्यात असं होतं. छोट्या सॅटेलाइटमुळे १५० लावणं भागच असेल, तर सब समोरच, टीव्हीजवळ ठेवा.

काही स्वस्त आणि जुन्या मॉडेलांत सगळ्या स्पीकरना मिळून एकच आकडा असतो. तिथे समोरच्या तीन स्पीकरमधला जो सगळ्यात अशक्त, त्याला झेपेल असा आकडा घ्या.

७. नावात फसवणाऱ्या दोन सेटिंग्ज

'एलपीएफ फॉर एलएफई' (एलएफई चॅनलमधला कुठल्या आकड्याच्या वरचा आवाज कापायचा ती चाळणी) १२० वर असतं. ते तसंच राहू द्या. अनेक जण क्रॉसओव्हर ८० आहे म्हणून हेही ८० करतात. दोन्हींचा संबंध नाही. सिनेमाच्या त्या वेगळ्या चॅनलमध्ये १२० पर्यंतचा आवाज भरलेला असतो. ८० केलंत तर वरचा भाग कापला जातो आणि तो दुसऱ्या कुठल्याही स्पीकरकडे जात नाही, वाया जातो.

दुसरी, सबवूफर मोडमधली 'एलएफई प्लस मेन'. यामाहात हीच 'एक्स्ट्रा बेस' आणि ऑन्कियोत 'डबल बेस' म्हणून असते. नावावरून मोह होतो. यात तोच बेस टॉवरमधूनही आणि सबमधूनही वाजतो. दोन ठिकाणांहून आलेल्या लाटा काही सुरांवर एकमेकींना वाढवतात, काहींवर खाऊन टाकतात. पहिली दहा मिनिटं भारी वाटतं, मग घुसमट होते. मोड फक्त 'एलएफई' ठेवा.

८. आता कान लावून बसा

घाई न करता अर्धा तास द्या. आधी पुरुष निवेदक असलेली एखादी बातमीपत्राची क्लिप लावा. आवाज पूर्णपणे टीव्हीतून यायला हवा. सबकडे मान वळवावीशी वाटली, तर क्रॉसओव्हर जास्त आहे किंवा सबची पातळी जास्त आहे.

मग तबल्याचं काहीतरी, विलंबित लय असलेलं. डग्ग्यावर मनगट घासून जी मींड काढतात ना, 'घेऽ' वरून सूर वर चढतो ती ऐका. सूर वर जाताना मधेच आवाज बारीक होऊन परत मोठा झाला, तर सब आणि स्पीकर यांच्या जोडणीत खड्डा आहे. माझ्याकडे तो सापडला तो या मींडेमुळेच, सिनेमात कधी जाणवला नव्हता. त्यानंतर बेस गिटार असलेलं गाणं. चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झचा असतो, म्हणजे तो सबकडे आणि वरचे सूर टॉवरकडे. सगळे सूर सारख्या जोराचे वाटले पाहिजेत.

खड्डा असेल तर असं करा. ८० हर्ट्झचा सलग सूर असलेली ऑडिओ फाइल मिळवा आणि मध्यम आवाजात लावा. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप कानाच्या उंचीवर धरा. मग मेनूत फक्त सबचं अंतर एकेक फुटाने वाढवत, मग कमी करत जा, आणि आकडा कुठे सगळ्यात मोठा होतो ते वहीत लिहा. माझ्याकडे तेरावरून चौदा केल्यावर ॲपवर चार डेसिबल वाढले आणि डग्ग्याची मींड सलग झाली. त्यासाठी लागली ती फक्त वीस मिनिटं.

यानंतर ६०, ८०, १०० असे तिन्ही आकडे (कॅलिब्रेशनने दिलेल्या आकड्याच्या खालचे सोडून) त्याच गाण्यावर, त्याच खुर्चीत बसून ऐका. मी मोठे टॉवर असूनही ८० वरच थांबलो, कारण ६० वर मोठ्या आवाजात टॉवर धापा टाकत होते. तुमच्याकडे वेगळं निघू शकेल.

एक सूचना: रिसीव्हर 'प्युअर डायरेक्ट'वर असेल तर अनेक मॉडेलांत ही सगळी विभागणी बंद होते आणि सब गप्प बसतो. तपासताना साधा 'स्टिरिओ' मोड लावा.

९. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांसाठी

बेस जमिनीतूनही खाली सहज जातो. सबखाली जाड रबरी मॅट किंवा दाट फोमचा तुकडा ठेवा. खालच्या काकूंना आपण होऊन विचारा. मी विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या काचेच्या कपाटातली भांडी रोज रात्री किणकिणत होती, आणि त्या बिचाऱ्या सांगायला संकोचत होत्या. रात्री सबची पातळी तीन-चार डेसिबल कमी करा. ऑडिसीच्या वरच्या मॉडेलांत 'लो फ्रिक्वेन्सी कंटेनमेंट' नावाची सोय असते. भिंतीपलीकडे जाणारा बेस ती कमी करते, रात्रीसाठी जरूर वापरा. क्रॉसओव्हर मात्र या कारणासाठी हलवू नका, तो बेस कमी करत नाही, फक्त कोणी वाजवायचा ते बदलतो.

१०. सगळं लिहून ठेवा

स्पीकर कॉन्फिग, अंतर, पातळी, क्रॉसओव्हर, बेस अशा पाचही पानांचे टीव्हीवरूनच फोनने फोटो काढा. सबच्या मागच्या नॉबचाही एक फोटो. रिसीव्हर रिसेट करावा लागला की आकडे पुसले जातात, आणि साफसफाई करताना सबचा नॉब कोणाच्या तरी हाताने फिरतोच. मी नॉबवर आणि त्याच्या कडेला मार्करने एकेक बारीक रेघ मारून ठेवली आहे. दिवाळीच्या झाडलोटीनंतर त्या दोन रेघा समोरासमोर आहेत का, तेवढं टॉर्च मारून बघतो.